गिरण होती तिथून डावीकडे

रायगडच्या किनाऱ्यावर पत्ता विचारला की उत्तर भूतकाळात मिळतं. चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, कुठेही गाडी थांबवा आणि कट्ट्यावर बसलेल्या काकांना विचारा.

"असंच सरळ जा. पुढे पिठाची गिरण होती, तिथून डावीकडे वळा."

"होती म्हणजे?"

"होती. पाडली. पण वळायचं तिथूनच."

यात काकांना काही खटकत नाही, गावातल्या कुणालाच खटकत नाही. गिरण गेली म्हणून वळण थोडंच जातं? मांडव्याच्या बोटीने उतरलेला मुंबईकर मात्र आधी काकांकडे बघतो, मग मोबाइलकडे बघतो आणि मनातल्या मनात "अलिबागसे आया है क्या?" म्हणतो. (हे वाक्य आमचा अपमान करतं, त्यावर बंदी घाला, अशी याचिका २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने बंदी घालायला नकार दिला. तेव्हा मनातल्या मनात म्हणायला अजून मुभा आहे. मोठ्याने म्हणायचं तर आधी परतीच्या बोटीची वेळ बघून ठेवावी.)

पुढे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. फणसासमोरच्या घरासमोरचा फणस गेला. पत्र्याच्या शेडमागे राहणाऱ्यांच्या पुढचे पत्रे कुठल्या कुठे उडाले. लोकांनी झाडं कापून बाजूला केली, घरं शाकारली, वाड्या नव्याने लावल्या, पण पत्ते होते तसेच ठेवले. आजही फणसासमोरचं घर म्हटलं की गावकरी बरोबर जातो आणि पाहुणा रस्त्यात उभा राहून फणस शोधतो.

संगणकाच्या जगात अशा पत्त्याला डँगलिंग पॉइंटर म्हणतात. पत्ता शाबूत, पत्त्यावरचा ऐवज गेलेला. मी या किनाऱ्यावरच्या मुलांना सी शिकवतो. जी मुलं चालायला लागल्यापासून नसलेल्या गिरणीवरून वळत आली, त्यांना खरं तर पॉइंटर शिकवायला लागू नये. पण गावात डोळे मिटून घर गाठणारं पोर लॅबमध्ये व्हेरिएबलच्या पुढे स्टार दिसला की पाणी प्यायला जातं आणि तास संपल्यावरच परत येतं.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमाराला घडवली. युनिक्स ही प्रणाली लिहायला हाताशी काहीतरी हवं होतं. ती घडवणारे आणि वापरणारे तेच, त्यामुळे वापरणारा शहाणा आहे असं तिने गृहीत धरलं. पुढे ती डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला लागली. गृहीतक मात्र कुणी बदललं नाही.

पॉइंटर म्हणजे काय ते एका ओळीत सांगता येतं: ज्या व्हेरिएबलमध्ये दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता ठेवलेला असतो, ते व्हेरिएबल. व्हेरिएबलचं नाव ही आपली सोय आहे, मशीनला फक्त जागा कळते. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तेव्हा अलिबाग काही जागचं हललं नाही. इथपर्यंत मुलांना समजतं. मग ती विचारतात, "सर, पत्ता दिसतो कसा?" आणि इथून महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी शिक्षणाच्या एका राष्ट्रीय स्मारकाकडे जावं लागतं. त्या स्मारकाचं नाव ६५५२४.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' ज्यांनी वापरलं, त्यांना हा आकडा स्वतःच्या दहावीच्या टक्क्यांइतका पाठ असतो. पुस्तकातल्या व्हेरिएबलचा पत्ता ६५५२४, त्याच्या शेजारच्याचा ६५५२२. हे आकडे मनाचे नव्हते. ते पुस्तक ज्या काळातलं, तेव्हा सगळीकडे डॉसवर चालणारा बोर्लंडचा टर्बो सी होता. त्यात प्रोग्रामच्या वाट्याला डेटासाठी मिळे तो ६४ केबीचा एक तुकडा, म्हणजे ६५,५३६ बाइट. फंक्शनची स्वतःची व्हेरिएबलं जिथे राहतात तो स्टॅक या तुकड्याच्या वरच्या टोकाला सुरू होई आणि खाली खाली उतरत जाई. म्हणून पहिल्या व्हेरिएबलचा पत्ता ६५ हजारांच्या घरात. इंट म्हणजे पूर्णांक, तो दोन बाइटचा, म्हणून पुढचा पत्ता दोनाने कमी. पत्ता छापताना एखाद्याने परसेंट यूच्या जागी उणे आकडेही मानणारं परसेंट डी घातलं की तोच पत्ता उणे १२ छापला जाई, आणि सबंध लॅब त्या मुलाच्या मशीनभोवती गोळा होई. घर नंबर उणे बारा. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, पोटहिस्सा नंबर अशा भाषेत वाढलेल्या कोकणी पोरांनाही हे नवीन होतं.

आता मशीन ६४ बिटांचं आहे. पत्ता बारा-बारा अक्षरी हेक्स आकड्यांत येतो, आणि प्रोग्राम दर वेळी चालवला की तो बदलतो. बाहेरच्या चोराला जागा आधीपासून माहीत असू नये म्हणून प्रणाली तो मुद्दाम बदलते. रेवदंड्याचा एक मुलगा एकदा वैतागून आला. "सर, मशीन खराब आहे. पत्ता एक सांगतंय, परत विचारलं की दुसराच." मी त्याला सगळं कारण समजावून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकलं, जागेवर गेला, आणि जर्नलमध्ये ६५५२४ लिहून सही घेऊन गेला.

स्टॅकचा कारभार पाहण्यासारखा असतो. प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेनने एखाद्या फंक्शनला हाक मारली की स्टॅकवर त्याच्यासाठी थोडी जागा मोजून दिली जाते. त्याला दिलेले आकडे, काम संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ता, आणि त्याची स्वतःची व्हेरिएबलं, सगळं तिथे ओळीने बसतं. त्या फंक्शनने आणखी एकाला बोलावलं की त्याची सोय त्याच्याखाली. काम संपलं की ते फंक्शन जातं आणि त्याच्या व्हेरिएबलांचं आयुष्य तिथेच संपतं. पण संपतं म्हणजे होतं काय? स्टॅकचं टोक कुठे आहे हे लक्षात ठेवणारा एक आकडा असतो, तो पुन्हा वर सरकतो. बास. जागा कुणी पुसत नाही, झाडत नाही, तिथला आकडा काढून नेत नाही. फंक्शनमधल्या एक्सची किंमत १० होती, तर फंक्शन गेल्यावरही त्या जागी १० च असतं. ते आता कुणाचंही नसतं, एवढाच फरक.

मुलांना हे पटत नाही. त्यांच्या मते गोष्ट संपली की नाहीशी व्हायला पाहिजे. आणि नेमकी हीच मुलं, लॅबमध्ये अजून असलेल्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर, प्रोग्रामची पहिली ओळ सीएलआरएससीआर, म्हणजे पडदा पुसा, अशी लिहितात. का? तर ती नसली की मागच्या प्रोग्रामचं आउटपुट पडद्यावर तसंच बसलेलं असतं आणि त्याच्याखाली यांचं उमटतं. म्हणजे पडदा कुणी आपोआप पुसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मेमरी मात्र कुणीतरी पुसत असणार, असा त्यांचा दृढ विश्वास. मग इंट आय एवढंच लिहून, आयला काही न देता, त्याची किंमत छापतात. भलताच आकडा येतो. "सर, गार्बेज व्हॅल्यू आली," असं ती देवीचा कौल लागल्यासारखं सांगतात. अरे बाबा, तो आकडा आकाशातून पडलेला नाही. त्या जागेवर आधी जो होता त्याचा तो राहिलेला आहे.

आता ज्याच्यासाठी एवढा लांबचा वळसा घेतला तो प्रोग्राम. एक फंक्शन, त्यात एक इंट एक्स, किंमत १०. फंक्शन शेवटी एक्सचा पत्ता परत करतं. मेनमध्ये पी नावाचा पॉइंटर तो पत्ता घेतो आणि प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनने स्टार पी, म्हणजे त्या पत्त्यावरची किंमत, छापतो. पत्ता परत आला तेव्हा एक्सचं आयुष्य संपलेलं आहे. पी गिरणीकडे बोट दाखवतोय, गिरण नाही. आणि टर्बो सीमध्ये हा प्रोग्राम चालवला की पडद्यावर ठळक अक्षरांत काय उमटतं? १०.

"सर, आउटपुट येतंय."

"येतंय रे, पण प्रोग्राम चूक आहे."

"पण सर, बरोबर येतंय!"

या वाक्यापुढे मास्तर म्हणून मी वर्षानुवर्षं उभा आहे. चुकीचा प्रोग्राम चुकीचं उत्तर देतो तेव्हा शिकवणं सोपं असतं. चुकीच्या प्रोग्रामने बरोबर उत्तर दिलं की शिक्षक खोटा पडतो आणि मशीन साक्षीला उभं राहतं. आपल्याकडे साक्षीदाराला फार मान.

मग मी दुसरं अस्त्र काढतो. त्याच प्रिंटएफच्या खाली, काही न बदलता, तोच प्रिंटएफ पुन्हा लिहायला लावतो. आता पडद्यावर पहिल्या ओळीत १०, दुसऱ्या ओळीत काहीतरी अचाट. पहिल्या वेळी स्टार पीची किंमत प्रिंटएफ सुरू होण्याआधीच उचलली गेली होती. मग प्रिंटएफ आत आलं. तेही एक फंक्शनच. त्याने आपली व्हेरिएबलं त्याच मोकळ्या जागेवर मांडली, कारण ती जागा रीतसर मोकळी होती. दुसऱ्या वेळी पी त्या पत्त्यावर जातो तेव्हा तिथे प्रिंटएफचा पसारा सापडतो. डॉसमध्ये तर पहिल्या वेळीही नशिबाचाच भाग असे. संगणकाचं घड्याळ सेकंदाला साधारण अठरा वेळा प्रोसेसरला अडवी आणि त्याची नोंद याच स्टॅकच्या टोकाशी ठेवली जाई. नेमक्या त्या क्षणी ठोका पडला असता तर पहिल्या वेळीही १० मिळालं नसतं.

हे फळ्यावर चित्र काढून, बाण दाखवून, घसा बसेपर्यंत सांगून झालं. चौलची एक हुशार मुलगी दहा मिनिटांनी चेहरा उजळून आली. "सर, दुरुस्त झाला!" मी पाहिलं. तिने दुसरा प्रिंटएफ काढून टाकला होता.

हसू नका. अनेक मोठ्या कचेऱ्यांमध्ये दुरुस्तीची हीच पद्धत चालते, फक्त तिथे तिला मीटिंग लागते.

सीचं १९८९ चं अमेरिकी मानक या प्रकाराला अनडिफाइंड बिहेव्हियर म्हणतं. मुलांना वाटतं म्हणजे एरर. एरर परवडली. इथे नियम एवढाच सांगतो की आता आमचं काही म्हणणं नाही. बरोबर उत्तर येईल, चूक येईल, प्रोग्राम कोसळेल, तुमच्याकडे चालेल आणि परीक्षेच्या दिवशी बंद पडेल, यातलं काहीही झालं तरी तक्रार ऐकली जाणार नाही. सरकारी खिडकीवर "साहेब जेवायला गेलेत" ही पाटी लागते, तिच्यात निदान साहेब आहेत एवढा तरी दिलासा असतो.

आजचा जीसीसी कंपायलर यापेक्षा सरळ आहे. असा प्रोग्राम दिला की, लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत करताय, अशी वॉर्निंग देतो, आणि तुम्ही ऐकलं नाहीत तर पत्त्याच्या जागी शून्य परत पाठवतो. मग स्टार पी म्हटलं की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम जागीच कोसळला. गिरण नाही म्हटल्यावर वळणच बंद करून टाकायचं, असा हा कडक कारभार. यावर मुलांचं म्हणणं ठरलेलं: "सर, लॅबमध्ये चालतो, घरी चालत नाही. घरच्या मशीनला व्हायरस असेल." वॉर्निंग वाचलीस का, असं विचारलं की उत्तर येतं, "एरर नव्हती सर, वॉर्निंगच होती." सिगारेटच्या पाकिटावरही वॉर्निंगच असते.

शून्याच्या पत्त्यावरून आठवलं. टर्बो सीमध्ये प्रोग्राम नीट चालून संपल्यावर कधीकधी जाता जाता एक ओळ यायची: नल पॉइंटर असाइनमेंट. काम झालं, उत्तर आलं, आता काय? तर त्याची तऱ्हा अशी होती. डेटाच्या तुकड्याच्या अगदी सुरुवातीला, शून्य पत्त्यापाशी, बोर्लंडने आपली कॉपीराइटची ओळ ठेवलेली असे. प्रोग्राम संपताना ती जागा जशीच्या तशी आहे का ते तपासलं जाई. बदललेली दिसली, की कुणीतरी नल, म्हणजे शून्य पत्त्याच्या, पॉइंटरमधून लिहिलंय हे उघड. स्वतःच्या मालकीची पाटी उंबऱ्यात लावायची आणि तिच्यावर चिखल उडाला की चोर आला म्हणायचं. फार साधी युक्ती, पण असे शोध लावणाऱ्या माणसाला मी कोकणातलाच समजतो.

मुलांना एकदा का कळलं की लोकल व्हेरिएबल फंक्शनबरोबर जातं, की त्यांच्या हाती स्टॅटिक नावाची मात्रा लागते. स्टॅटिक व्हेरिएबल स्टॅकवर राहत नाही. प्रोग्राम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ते जिवंत असतं, आणि आपण काही दिलं नाही तर शून्यापासून सुरू होतं. मग काय, सगळ्यालाच स्टॅटिक. गावाचं नाव तयार करून त्याचा पत्ता परत करणारं फंक्शन लिहितात, आतला कॅरेक्टरचा ॲरे स्टॅटिक. एकदा अलिबाग मागवतात, एकदा मुरूड, दोन्ही पत्ते जपून ठेवतात आणि शेवटी एकदम छापतात. मुरूड, मुरूड. जागा एकच, तिच्यावर शेवटचा लिहिणारा जिंकतो. यात मुलांना फार बोलताही येत नाही, कारण सीच्या स्वतःच्या लायब्ररीतलं सीटाइम हे फंक्शन नेमकं असंच वागतं. एकाच प्रिंटएफमध्ये दोन वेगवेगळ्या वेळा त्याच्याकडून मागा, दोन्हीकडे तीच वेळ छापून मिळेल. एसटीच्या चौकशी खिडकीवर मात्र याच्या उलट, एकच गाडी आणि दोन वेळा.

उरलं मॅलॉक. तिथे जागा आपण मागून घ्यायची, फंक्शन गेलं तरी ती राहते, आणि काम झालं की फ्री म्हणून आपणच परत करायची. मागायला सगळ्यांना येतं. पुढचं सांगत नाही.

हे सगळं लॅबपुरतं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेलच्या एका विद्यार्थ्याने सोडलेल्या किड्याने त्या वेळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं आडवी केली. त्याच्या वाटांपैकी एक होती गेट्स हे फंक्शन. ५१२ बाइटची जागा स्टॅकवर, येणारा मजकूर किती हे गेट्स विचारत नाही, त्यामुळे जास्तीचा मजकूर पुढे पसरून परतीच्या पत्त्यावर चढला आणि फंक्शन परत जाताना घरी जायच्या ऐवजी किड्याच्या दारात गेलं. सीच्या २०११ च्या मानकातून गेट्सला काढून टाकलं. जर्नलमधल्या सातव्या प्रॅक्टिकलमध्ये ते अजून आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितलं की त्यांना दर वर्षी बुजवाव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या भोकांपैकी सुमारे ७० टक्के या मेमरीच्या घोळाची असतात. क्रोम ब्राउजरवाल्यांनी पुढच्या वर्षी गंभीर भोकांसाठी जवळपास तोच आकडा सांगितला. म्हणजे जगातले उत्तम पगाराचे लोकही नसलेल्या गिरणीवरून वळतात. रस्ट नावाची नवी भाषा यावर निघाली आहे. तिचा कंपायलर कुठलं व्हेरिएबल किती जगणार याचा आधी हिशेब मागतो आणि पत्ता माणसापेक्षा जास्त जगणार असेल तर प्रोग्रामच करू देत नाही. मुलांना ती दाखवली. "सर, ही फार प्रश्न विचारते," एवढाच अभिप्राय आला.

सी काही जात नाही. लिनक्सचा गाभा बहुतांशी तिच्यातच आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमातून एखादी गोष्ट जाणं ही तर त्याहून अवघड घटना. परीक्षेला दर वर्षी बाहेरून परीक्षक येतात. त्यांना एक्स्टर्नल म्हणतात, आणि ते आल्याची वार्ता गाडी गेटात वळायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचलेली असते. एक्स्टर्नल तोंडीला विचारतात, "डँगलिंग पॉइंटर म्हणजे काय?" आमची मुलं इंग्रजीतली व्याख्या एका दमात म्हणतात, थांबायला जागा कुठे आहे हेही पाठ असतं. पूर्ण मार्क. मग मुलं खाली जाऊन वडापाव खातात, एक्स्टर्नल बसला लागतात, आणि लोकल व्हेरिएबलचे पत्ते पूर्वीसारखेच परत होत राहतात.

तेव्हा या किनाऱ्यावर पुढल्या सत्रात येणाऱ्या तमाम एक्स्टर्नलना हात जोडून विनंती आहे: व्याख्या विचारू नका. ती इथे लहान भावंडांनाही पाठ आहे. मुलाला मशीनसमोर बसवा, त्याचाच प्रोग्राम उघडायला सांगा, आणि म्हणा, "बाळा, याच्या खाली अजून एक प्रिंटएफ लिही."